परत जाणारा कॅमेरा

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. वस्ती रस्त्यावर उतरली, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा माणसं गेली. चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. कपाळाला निळं फडकं बांधलेलं होतं. उमेदीची वर्षं लाल झेंड्याखाली गाण्यात घालवलेल्या माणसानं जाताना निळा रंग का निवडला?

चित्रपटकार आनंद पटवर्धन या प्रश्नाच्या मागे लागले, कारण घोगरे त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या बारा वर्षांपूर्वीच्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात घोगरेच गायले होते. पटवर्धन कॅमेरा घेऊन त्या झोपडीत गेले, मग रमाबाई नगरात गेले आणि पुढची चौदा वर्षं जातच राहिले. त्यातून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ तयार झाला.

पटवर्धनांच्या पन्नास वर्षांच्या कामाबद्दल बोलायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. त्यांची ओळख सहसा सेन्सॉरशी भांडणारा, मोर्च्यात दिसणारा, डाव्या विचारांचा दिग्दर्शक अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण त्या ओळखीत त्यांची खरी खोड निसटते. हा माणूस चित्रीकरण झालेल्या जागी परत जातो. जिथं तो परत गेला, तिथं त्याच्या हातून मोठं काम झालं. जिथं उत्तर खिशात घेऊन गेला, तिथं चित्रपट लांबला.

आपल्याकडे या प्रकाराला ‘माहितीपट’ म्हणतात आणि तो शब्द मला कधीच पटलेला नाही. माहिती सरकारी पत्रकातही असते. जुना ‘अनुबोधपट’ त्यापेक्षा बरा, पण तो फिल्म्स डिव्हिजनच्या ओझ्याखाली दबला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या त्या सरकारी खात्याचे छोटे पट मुख्य सिनेमाच्या आधी दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. धरणाचं उद्घाटन, पंचवार्षिक योजना आणि भारदस्त आवाजातलं निवेदन सुरू असताना प्रेक्षक अंधारात खुर्चीचा नंबर शोधत असे. त्या खात्यातही सुखदेव, शास्त्री, प्रमोद पतींसारखी वेगळी माणसं होतीच. तरी बहुतेकांच्या मनात डॉक्युमेंटरी म्हणजे सरकारचा आवाज हेच समीकरण बसलं. पटवर्धनांनी पहिला धक्का दिला तो याला. त्यांच्या पडद्यावर सरकार दिसतं, पण बहुधा लाठीच्या दुसऱ्या टोकाला.

जन्म १९५० चा, मुंबईतला. घर पटवर्धनांचं, म्हणजे नगरच्या अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांचं. अच्युतराव बेचाळीसच्या लढ्यातले भूमिगत समाजवादी नेते, रावसाहेब गांधीवादी. आनंद हे त्यांचे पुतणे. आई निर्मला कुंभारकामातल्या नामांकित कलावंत. मुंबईत इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. तो काळ व्हिएतनामविरोधी आंदोलनाचा होता. परत आल्यावर काही काळ मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’च्या ग्रामीण कामात घालवला आणि १९७४ मध्ये ते बिहारला पोहोचले.

पहिला महत्त्वाचा चित्रपट तिथं झाला, तोही उसनवारीच्या साधनांवर. जयप्रकाशांच्या आंदोलनातला जमाव सुपर आठ कॅमेऱ्यावर टिपला. ती फिल्म पडद्यावर दाखवून, समोर सोळा मिलिमीटरचा कॅमेरा लावून पुन्हा चित्रित केली, म्हणजे तिची मोठी प्रत काढता येईल. ‘क्रांती की तरंगें’मधली दाणेदार, फुटकी प्रतिमा ही शैली नव्हती, गरज होती. चित्रपट तयार होतो न होतो तोच आणीबाणी आली. प्रत तुकडे करून मित्रांच्या हाती देशाबाहेर गेली आणि तिथं जोडली गेली. स्वतः पटवर्धन कॅनडात मॅकगिल विद्यापीठात गेले आणि पुढे तिथं याच चित्रपटाची चिकित्सा करणारा प्रबंध लिहिला. आपल्याच पहिल्या कामावर प्रबंध लिहिणं हे तसं धाडसाचं म्हणायचं. पण त्यामुळे लॅटिन अमेरिकेतल्या ‘गनिमी’ सिनेमाचा विचार त्यांनी नीट पचवला. झगमगीत तंत्राच्या मागे लागू नये, प्रेक्षकाला नुसता बघ्या ठेवू नये, ही शिस्त तेव्हापासूनची.

आणीबाणी उठल्यावर राजकीय कैद्यांवर ‘ज़मीर के बंदी’ झाला, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शेतमजुरांच्या संघटनेवर जिम मन्रो यांच्यासोबत ‘अ टाइम टु राइज’ झाला. दोन्ही कामं नेकीची आहेत. पण पटवर्धनांचा हात बसला तो मुंबईत परतल्यावर.

१९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवरच्या माणसांना शहराबाहेर काढायचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५ मध्ये निकाल लागला की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, मात्र नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. ‘हमारा शहर’ याच वर्षांचा आहे. पाडापाडी, पावसात उघड्यावर पडलेली भांडी, आणि दुसरीकडे उंच इमारतीतल्या दिवाणखान्यांत शहराच्या ‘सौंदर्या’ची काळजी करणारी माणसं. आज हा विरोध ढोबळ वाटू शकतो. तो चित्रपटाला तारतो असं मी म्हणणार नाही. त्याला तारते ती एक बाई. झोपडी पाडलेली ती बाई कॅमेऱ्याकडे वळते आणि चित्रपट करणाऱ्यालाच फैलावर घेते: गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार?

हा तुकडा संकलनात सहज कापता आला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाकडे मी त्या बाईला दिलेलं लांबलचक, अर्धवट उत्तर म्हणूनच बघतो. ‘हमारा शहर’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा कफ परेडजवळचं संजय गांधी नगर नुकतंच पाडलं गेलं होतं. तिथल्या लोकांसाठी उपोषण झालं, त्यात शबाना आझमींबरोबर पटवर्धनही होते. शेवटी त्या कुटुंबांना गोरेगावच्या दिंडोशीत जागा मिळाली. पुरस्कार घ्यायला दिल्लीला पाठवलं ते घर तुटलेल्या एका बाईंनाच. यातलं काही चित्रपटात नाही. पण सिनेमा संपल्यावर पुढं काय, या प्रश्नाला त्यांनी नुसतं चर्चासत्र हे उत्तर दिलं नाही, हे नोंदवायला हवं.

त्याच पुरस्काराचा त्यांनी आणखी एक उपयोग केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट दूरदर्शननं दाखवायला हवा, असा युक्तिवाद करत ते न्यायालयात जात राहिले. ‘हमारा शहर’साठी गेले, पंजाबात भगतसिंगांचा वारसा कोण कसा सांगतं हे पाहणाऱ्या ‘उना मित्रां दी याद प्यारी’साठी गेले, ‘राम के नाम’साठी गेले. १९९१ च्या सुमारास पुरा झालेला ‘राम के नाम’ दूरदर्शनवर यायला १९९७ उजाडलं. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’चं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ऑगस्ट २००६ मध्ये प्रसारणाचा आदेश झाला, चित्रपट होऊन दशक उलटल्यावर. ‘जंग और अमन’ला सेन्सॉरनं एकवीस कट सांगितले होते, त्यात राजकीय नेत्यांच्या भाषणांवरही कात्री होती. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एकही कट न लावता तो मोकळा केला. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे निकाल अभ्यासाला लागतात. एखाद्या दिग्दर्शकाच्या चित्रसूचीशेजारी खटल्यांची सूची ठेवावी लागावी, असं दुसरं उदाहरण आपल्याकडे मला आठवत नाही.

म्हणूनच ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी इतर चित्रपटकारांबरोबर राष्ट्रीय पुरस्कार परत करायचं जाहीर केलं, त्याचं वजन वेगळं होतं. अनेकांसाठी ते पदक दिवाणखान्यातल्या कपाटातलं असेल. यांच्यासाठी ते वीस-पंचवीस वर्षं कोर्टात वापरलेलं हत्यार होतं.

‘राम के नाम’ हा त्यांचा सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट असावा. सप्टेंबर १९९० मध्ये सोमनाथहून राममंदिरासाठी निघालेला रथ म्हणजे सजवलेली टोयोटा गाडी. कॅमेरा त्या वाटेवर राहतो आणि ३० ऑक्टोबरला अयोध्येत पोहोचतो. बाबरी मशीद अजून उभी आहे. आज पाहताना प्रत्येक चौकटीत ती उभी असणंच अंगावर येतं. जोशात घोषणा देणाऱ्या तरुणांना पटवर्धन साधासा प्रश्न विचारतात की राम कोणत्या काळात झाला, आणि ते चाचरतात. प्रेक्षागृहात इथं हमखास हसू येतं. मला हे हसू थोडं खटकतं. ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्यानं रस्त्यावरच्या पोराला इतिहासाच्या परीक्षेत नापास करणं सोपं असतं, आणि श्रद्धा तारखेवर उभी नसते हे पटवर्धनांना कळत नसेल असं नाही.

पण त्याच चित्रपटात पुजारी लालदास आहेत. न्यायालयानं नेमलेले, वादग्रस्त जागेतल्या रामलल्लाचे मुख्य पुजारी. ते शांतपणे, जवळजवळ गप्पा मारल्यासारखे सांगत जातात की यात भक्ती किती आणि सत्तेचा, पैशाचा खेळ किती. इथं पटवर्धन मागं सरतात, माणसाला बोलू देतात. धर्माच्या विरोधात धर्मातलाच माणूस उभा केला, एवढ्यापुरता तो प्रसंग नाही. या माणसाला धोक्याची जाणीव आहे आणि तरी आवाज चढत नाही, हे आपल्याला दिसत राहतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये लालदासांची हत्या झाली. त्यांचं बोलणं जपलं गेलं ते मुख्यतः या चित्रपटामुळे. सेन्सॉरनं लहानथोर सगळ्यांनी पाहावा असं प्रमाणपत्र दिलेल्या या चित्रपटावर २०१९ मध्ये यूट्यूबनं वयाची अट घातली, ही त्या कथेतली पुढची गंमत.

बाबरीनंतरचा ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ मला विषम वाटतो, पण त्यातली मूळ कल्पना काळाच्या पुढची होती. दंगलीकडे हिंदू-मुस्लीम चष्म्यातून न पाहता त्यांनी पुरुषपणाकडे बोट दाखवलं. पहिल्या भागात देवराळ्याचं सती प्रकरण आणि मुंबईची होरपळ, दुसऱ्या भागात फूटपाथवर मर्दानगीची औषधं विकणारा. गर्दी हसते आहे, विकणारा रंगात आला आहे आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं की या बाटल्या आणि त्या तलवारी एकाच भीतीवर खपतात. ‘मर्द’ या शब्दावर आपल्या राजकारणात आजही किती टाळ्या पडतात ते पाहिलं की हा भाग पुन्हा लावावासा वाटतो.

नर्मदेवरचा चित्रपट त्यांनी सिमंतिनी धुरू यांच्यासह केला आणि त्याला रोजनिशी म्हटलं. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली, बुडणारी घरं, होळीचा नाच. मासेमारांवरचा ‘फिशिंग: इन द सी ऑफ ग्रीड’ आणि दया पवार, संभाजी भगत यांच्याबरोबर केलेलं पाच मिनिटांचं गाणं ‘वी आर नॉट युअर मंकीज’ याच दशकातलं. रामायणातल्या वानरांकडे दलितांच्या नजरेतून बघणारं ते गाणं छोटं, तिखट आणि नेमकं आहे. लांबीच्या बाबतीत पटवर्धन ही शिस्त नेहमी पाळत नाहीत.

‘जंग और अमन’ १९९८ च्या पोखरण आणि चगाईच्या अणुस्फोटांनंतरचा. गांधीहत्येच्या दृश्यांपासून सुरू होतो आणि निवेदनात पहिल्यांदा पटवर्धनांचं घर स्पष्ट डोकावतं. पोखरणजवळचं खेतोलाई, झारखंडातलं जादुगुडा, हिरोशिमा असा मोठा फेरा आहे. मात्र मनात राहतो तो लाहोरच्या मुलींच्या शाळेतला वादविवाद. अणुबॉम्बच्या बाजूनं आवेशात बोललेल्या मुली मंचाखाली उतरल्यावर कबूल करतात की ते स्पर्धेसाठी होतं, मनापासून नव्हतं. शत्रूच्या शाळेत आपल्याच शाळेची वक्तृत्व स्पर्धा दिसावी, याहून मोठा शांततेचा प्रचार कुणाला करता येणार?

२००३ मध्ये सरकारनं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय डॉक्युमेंटरींना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आणू पाहिली. चित्रपटकारांनी २००४ च्या फेब्रुवारीत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. त्यात पटवर्धन आघाडीवर होते, एकटे नव्हते. त्यांच्या कामावर लिहिताना सगळं श्रेय एकाच नावावर जमा करण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा.

आता पुन्हा ‘जय भीम कॉम्रेड’. मराठी माणसासाठी हा त्यांचा सगळ्यात जवळचा चित्रपट, कारण तो आपल्याच भाषेत बोलतो आणि गातो. कचरा उपसणारे कामगार, वस्त्यांमधल्या गाणाऱ्या बायका, भाई संगारेंची भाषणं, सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, जमणाऱ्या गर्दीबद्दल शिवाजी पार्कवरच्या रहिवाशांचं बोलणं. ते बोलणं ऐकताना मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाची मान खाली जाते, कारण ती वाक्यं त्यानं आपल्या घरात ऐकलेली असतात. मधे खैरलांजीचं हत्याकांड येतं. रमाबाई नगरचा खटला रेंगाळत जातो. २००९ मध्ये फौजदार मनोहर कदम यांना जन्मठेप होते आणि पुढं जामीनही मिळतो. चौदा वर्षांत लहान मुलं मोठी झाली, पुढारी पक्ष बदलून गेले आणि कॅमेरा तिथंच होता. हे दोन महिन्यांच्या चित्रीकरणात मिळत नाही.

पटवर्धन या आडनावाच्या माणसानं हा विषय घ्यावा का, असं विचारलं गेलं. प्रश्न योग्य आहे. चित्रपट त्याला टाळत नाही असं माझं मत आहे, कारण घोगऱ्यांच्या निळ्या फडक्याचा प्रश्न हा डाव्यांनाच उलटा विचारलेला आहे. इतर संघटनांसाठी गायला म्हणून आपल्याच गटातून बाहेर काढलेला शाहीर हा त्या चळवळीच्या जातीबद्दलच्या आंधळेपणाचा पुरावा आहे. पटवर्धन तो आपल्या माणसांविरुद्ध मांडतात. इथं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून ते चौदा वर्षं शोधत राहिले.

शेवटाकडे पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण पोरं येतात, शीतल साठेचा आवाज येतो आणि चित्रपट उजळतो. तोवर त्या मुलांवर नक्षलवादाचा ठपका बसला होता आणि ती भूमिगत झाली होती. पटवर्धन त्यांच्या बचाव समितीत उतरले. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर हजर झाले. त्या वेळी शीतल गरोदर होत्या. जूनमध्ये शीतल यांना जामीन मिळाला.

‘विवेक’ २०१८ चा. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या हत्या, दादरी, रोहित वेमुला, उना असा आठ प्रकरणांचा पट. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला पूर्ण लांबीच्या सर्वोत्कृष्ट डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला. केरळच्या महोत्सवात दाखवण्यासाठी पुन्हा उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याची गरज मी नाकारत नाही. पानसऱ्यांच्या कोल्हापुरातली दृश्यं आणि दाभोलकरांची हत्या झाली त्या पुण्यातल्या पुलापाशी जमलेली माणसं जपून ठेवण्यासारखी आहेत. तरी हा चित्रपट मला थकवतो. प्रत्येक प्रकरण आधीच्याचा धागा घट्ट करत जातं, शंका घ्यायला जागा उरत नाही. आपल्याच बाजूच्या प्रेक्षकाला आणखी खात्री देण्यात चार तास जातात. पटवर्धनांचे चित्रपट पटलेल्यांनाच पटतात हा आरोप मी ‘जय भीम कॉम्रेड’बाबत मान्य करणार नाही, ‘विवेक’बाबत निम्मा करीन.

मग २०२३ मध्ये ‘वसुधैव कुटुंबकम्’ आला आणि सगळ्या कामाकडे मागं वळून पाहावं लागलं. चित्रपट म्हाताऱ्या आई-वडिलांचा. वडील बाळू हसतात, चेष्टा करतात, आई चाकावर माती फिरवते. मुलगा घरात सहज चित्रण करत राहिला होता, बहुधा चित्रपट करायचा म्हणून नव्हेच. निर्मलाबाई सिंधमधल्या हैदराबादच्या, भाई प्रताप यांच्या कन्या. फाळणीनंतर निर्वासित सिंध्यांसाठी कच्छच्या महारावांनी दिलेल्या जमिनीवर गांधीधाम वसवणारे ते भाई प्रताप. म्हणजे एकीकडे नगरचं बेचाळीस, दुसरीकडे सिंधचं सत्तेचाळीस, आणि दोन्हीच्या मधे मुंबईतला एक फ्लॅट, चहा, औषधांच्या गोळ्या. इथं निवेदक काही सिद्ध करायला निघालेला नाही. त्याला फक्त आई-वडिलांना आणखी थोडा वेळ समोर बसवून ठेवायचं आहे.

बाहेरच्या माणसांकडे परत परत जाणारा हा दिग्दर्शक शेवटी घरी परत आला, असं म्हणणं सोपं आहे. मला उलट दिसतं. या घरात राजकारण जेवणाच्या ताटाशी बसत होतं, म्हणूनच रमाबाई नगरातल्या घरातही पटवर्धन कॅमेरा घेऊन जमिनीवर बसू शकले. ‘हमारा शहर’मधल्या बाईनं विचारलेला प्रश्न मात्र अजून त्यांच्यासमोर आहे, आणि तो त्यांनी कापून टाकलेला नाही.

त्यांचे बरेच चित्रपट आता घरबसल्या बघता येतात. ज्यांनी एकही पाहिला नसेल त्यांनी ‘राम के नाम’पासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. ‘जय भीम कॉम्रेड’ आधी पाहावा. तो तीन तास एकोणीस मिनिटांचा आहे. मधे उठू नका.